हात हाय

१

'व्हीपीएन लागत नाहीये' हे वाक्य मी दिवसभरात जितक्यांदा ऐकते, तितक्यांदा अम्मीनं माझं नावसुद्धा घेतलं नसेल. मी काळेवाडीत राहते, अब्बांच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत. तिथेच माझं ऑफिस. कंपनी चाकणला आहे, गाड्यांची दारं आणि बॉनेट बनवते. साहेब लोकांना घरून काम करायचं असलं की त्यांच्या लॅपटॉपपासून चाकणच्या नेटवर्कपर्यंत एक बंद, खासगी वाट उघडावी लागते. तीच व्हीपीएन. वाट उघडली की सोफ्यावर बसल्या बसल्या कंपनीतलं सगळं दिसतं, आणि ज्यांना परवानगी आहे त्यांना बरंच काही चालवताही येतं. नाही उघडली की माझा फोन वाजतो.

माझे प्रश्न ठरलेले आहेत. नेट आहे का? पासवर्ड बदललात का? कॅप्स लॉक चालू आहे का? निम्मे साहेब इथेच पार होतात, आणि 'आपोआप झालं बघ' म्हणून फोन ठेवतात. उरलेल्यांचा लॅपटॉप मी रिमोटवर घेते, म्हणजे त्यांचा स्क्रीन मला माझ्या स्क्रीनवर दिसतो आणि मी इथून खटपट करते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर दुखणं चाकणच्या टोकाला असतं. तिथे माझा हात पोहोचत नाही. तिथे ज्योतीरामभाऊंचा हात असायचा.

ज्योतीराम मेंटेनन्सला होते, चाकणच्या पलीकडच्या गावचे. प्रेस, क्रेन, कंप्रेसर हे त्यांचं काम. सर्व्हर रूमशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण तिची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि माणूस नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. मी फोनवर सांगायचे, "भाऊ, मधल्या डब्याची निळी वायर काढून परत लावायची आहे." ते नेटवर्कच्या त्या डब्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "करू का, ताई?" मी "करा" म्हटल्याशिवाय वायरला बोट लावायचे नाहीत.

एकदा मी वैतागले. "अहो, सांगितलं ना मघाशी! परत काय विचारता?"

"ताई, तुमाला हितलं दिसत न्हाई, मला तिकडलं दिसत न्हाई," ते म्हणाले. "इचारलेलं बरं असतंय."

ही त्यांची प्रेस शॉपमधली सवय होती. प्रेस म्हणजे वरून खोलीएवढा लोखंडी ठोकळा खाली येतो, खालच्या साच्यावर दाबला जातो आणि मधल्या पत्र्याचं गाडीचं दार होतं. साच्यात काही अडकलं की मेंटेनन्सवाल्याला आत हात घालावा लागतो, कधी कधी पार खांद्यापर्यंत. घालायच्या आधी तो ओरडतो, "हात हाय!" बटणापाशी जो उभा असेल त्यानं ओरडून उत्तर द्यायचं, "हात हाय, बंद हाय!" उत्तर आल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि "हात काढला" ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. भिंतीवर सुरक्षेचे इंग्रजी तक्ते लावलेले आहेत, ते कोणी वाचत नाही. माणसं जगतात ती या हाळीवर. फोनवर माझ्याशी बोलता बोलता मागून ती हाळी कितीदा तरी ऐकू यायची, आणि त्यामागे कंप्रेसरचा फुस्स फुस्स आवाज.

२

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात ज्योतीराम मोठ्या प्रेसमध्ये गेले.

कंपनीनं सांगितलं ते असं: माणूस अनुभवी, पण त्या दिवशी हाळी न देताच आत वाकला. प्रेस शॉपचे सुपरवायझर सोपानराव तिथेच उभे होते. त्यांनी पोलिसांना तेच सांगितलं. "आवाज दिलाच न्हाई साहेब. दिला असता तर मी थांबवलं नसतं व्हय?" झालं. हलगर्जीपणा, आणि तोही मेलेल्याचाच. प्रेसला सील लागलं. सरकारी तज्ज्ञ दसऱ्यानंतर येऊन मशीन तपासतील असं ठरलं.

मी त्यांच्या दहाव्यानंतर घरी गेले. त्यांची बायको पुनम माझ्याहून लहान असेल. मला पाहिल्यावर म्हणाली, "तुमीच का त्या वायरवाल्या ताई?" मला रडूच आलं. ती मात्र रडत नव्हती. तिच्या डोळ्यांत संताप होता.

"ताई, ते मिक्सरमधी चमचा घालताना पन 'हात हाय' म्हनायचे," ती म्हणाली. "पोरं हसायची त्यांना. त्यो मानूस प्रेसमधी न सांगता वाकंल? आता गावात म्हनत्यात, पिऊन आसंल. सासरे बी तेच म्हनायला लागलेत. मला बाकी कायबी नको. त्यांनी आवाज दिला व्हता, येवढं कुनीतरी खरं बोलावं."

मी तिला काय सांगणार? मी तर काळेवाडीत होते. पण परत येताना पीएमपीच्या बसमध्ये मला सोपानरावांचा असा राग आला की मी ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं. तो राग नंतर ओसरेल असं वाटलं होतं. ओसरला नाही.

३

खंडेनवमीला कंपनी बंद असते. आदल्या दिवशी मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवतात. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, अगदी चाकण एमआयडीसीतल्या परदेशी यंत्रमानवालाही त्या दिवशी सुट्टी. आमच्या सर्व्हरच्या कपाळालाही कुंकू असतं. अब्बाही पान्यांना हार घालतात. गल्लीतली सगळी गॅरेजं घालतात, मग आपलंच उघडं कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र ड्युटीवर. 'शाहीनला आज सण नाही, ती बसेल' असं दर वर्षी परस्पर ठरतं. ईदला 'शाहीन, जरा तासभरच' असतं ते वेगळं. असो. काही फोन येणार नव्हतेच. दुपारची वेळ, खाली गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, अब्बा आत चटईवर पडलेले. मी बोर होऊन सुकी बोरं खात बसले होते.

फोन वाजला. लक्ष्मणराव. आमचे प्रॉडक्शन हेड, वाकडला उंच टॉवरमध्ये राहतात.

"अगं शाहीन, व्हीपीएन लागत नाहीये."

"सर, आज? आज तर हत्याराला हात लावायचा नसतो."

"चेष्टा नको. अर्जंट आहे. आणि हे बघ, तिकीट वगैरे काही बनवू नकोस. तोंडीच कर."

तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. साहेब लोकांना ती कधी नको असते, हे आम्हाला कळतं. नेट होतं. पासवर्ड बरोबर होता. मी त्यांचा लॅपटॉप रिमोटवर घेतला. व्हीपीएनचं चक्र फिरत होतं, फिरत होतं आणि दर वेळी 'कनेक्शन अयशस्वी' म्हणून थांबत होतं. माझ्याकडे चाकणच्या त्या मधल्या डब्याचा एक ठिपका स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसतो. चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल. आत्ता तो पिवळा होता. पिवळा म्हणजे डबा अडकलाय, निळी वायर काढून लावायला हवी.

सवय वाईट. लक्ष्मणरावांचा फोन स्पीकरवर होता, हातात बोर होतं, डोकं भलतीकडेच होतं, आणि माझ्या तोंडून नेहमीसारखं निघून गेलं, "भाऊ, निळी वायर जरा काढून लावायची आहे."

बोलले आणि जीभ चावली. कुणाला सांगतेय मी? खोलीत कोणी नाही, आणि ज्याला सांगायचं तो माणूस जगात नाही. डोळे भरून आले. मग उगीचच, स्वतःशीच, अर्धवट रडत मी पुढचंही म्हटलं. "करा."

कोपऱ्यातला ठिपका लाल झाला. मग हिरवा झाला.

"लागलं बघ," लक्ष्मणराव फोनवर म्हणाले. "आपोआप झालं."

४

माझं शिक्षण कॉम्प्युटरचं आहे. डबे आपोआप रीस्टार्ट होतात, हे मी दुसऱ्यांना दिवसरात्र सांगते. तेच मी स्वतःला सांगितलं. पण डबा आपोआप सुरू झाला की ठिपका बराच वेळ लाल राहतो आणि मग सावकाश हिरवा होतो. असा झटकन लाल, झटकन हिरवा तो फक्त वायर हातानं उपसून लावली की होतो. हे मला माहीत नसतं तर किती बरं झालं असतं.

मी दुसऱ्या फोनवरून गेटवरच्या आबाजींना लावला. म्हातारे वॉचमन, कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचे.

"आबाजी, सर्व्हर रूममध्ये कोण गेलंय?"

"कोन जानार पोरी? किल्ली माझ्या कमरंला हाय. आत मी अन् समोर कुत्रं."

"मग प्रेस शॉपमध्ये?"

"त्येला तर सील हाय. अन् मेन स्विच बी बंद हाय सगळा. काल पूजा झाल्यावर इलेक्ट्रिकवाल्यांनी खाली वढला. निस्ता सर्व्हर तेवढा चालू हाय बॅटऱ्यांवर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सील असलं तरी मोठ्या प्रेसला हार घातलाय बरं का. पोरांनी काचंच्या खिडकीतनं आत फेकला, बराबर साच्यावर जाऊन बसला. मशीन हाय ना ते बी. त्याचा काय गुन्हा?"

मी फोन ठेवला. सर्व्हर बॅटरीवर आहे, म्हणून व्हीपीएन लागलं, इथपर्यंत ठीक. वायरचं काहीतरी लूज कनेक्शन असेल, तेही ठीक. माझं मन असं एकेक गोष्ट ठीक करत होतं, खाली अब्बा गाडीचे नट आवळतात तसं. पण त्या वेळी माझी नजर लक्ष्मणरावांच्या स्क्रीनवर गेली. रिमोट अजून चालूच होता, ते विसरले होते.

त्यांनी मोठ्या प्रेसचा कंट्रोल उघडला होता. मेन स्विच बंद असलेल्या, सील लावलेल्या, हार घातलेल्या त्या मशीनचा स्क्रीन वाकडच्या लॅपटॉपवर लख्ख दिसत होता. सगळे आकडे जिवंत होते. तेलाचा दाब वर चढत होता.

५

"सर," मी म्हटलं, "त्या प्रेसला करंट नाहीये. आत्ताच आबाजींना विचारलं."

"तुला कुणी सांगितलं होतं आबाजीला विचारायला?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तू अजून रिमोटवर आहेस का?"

"हो."

स्क्रीनवर त्यांचा बाण एका चौकोनावर जाऊन थांबला होता. त्यावर 'सेफ्टी' लिहिलं होतं आणि तो चौकोन लाल होता. प्रेससमोर न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. त्यात हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. चौकोन लाल म्हणजे तो पडदा बंद करून ठेवलेला. तो असा खालून, मशीनपाशी उभं राहून बंद करताच येत नाही. बंद करायची परवानगी एकाच माणसाला होती, आणि तो माणूस वाकडहून ती वापरायचा. व्हीपीएननं.

मला सगळं एका क्षणात कळलं. पडदा सारखा मशीन थांबवायचा, माल अडायचा, म्हणून त्यांनी तो घरून बंद केला होता. आणि तज्ज्ञ यायच्या आत घरूनच परत चालू करून ठेवायचा होता. चौकोन हिरवा झाला की ज्योतीराम कायमचे हलगर्जी ठरणार होते. पुनमच्या घरात तेच राहणार होतं, पोरं तेच ऐकत मोठी होणार होती.

"सर, त्या दिवशी प्रेस चालू कुणी केला?"

"तू टेक्निकल आहेस ना? टेक्निकल बघ."

त्यांनी क्लिक केलं. चौकोन लालच राहिला. परत क्लिक केलं, परत लाल.

"हे घेत का नाहीये? शाहीन, माझा माऊस हलेना."

मी बघितलं. प्रेसच्या कंट्रोलवर त्या वेळी कोण कोण आहे, हे वरच्या पट्टीत दिसतं. तिथे दोघंजण होते. एक वाकडहून. दुसऱ्यापुढे 'स्थानिक' असं होतं. स्थानिक म्हणजे जो खुद्द मशीनसमोर उभा आहे तो.

मग लक्ष्मणरावांच्या फोनमधून मला आवाज येऊ लागला. फुस्स. थोडं थांबून परत फुस्स. हा आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय. तो वाकडच्या टॉवरमध्ये येत नाही.

"सर, टीव्ही चालू आहे का?"

"नाही गं. लॅपटॉपमधून येतंय. कसलं आहे हे? म्यूट केलं तरी येतंय." आणि मग, एकदम लहान मुलासारखं, "शाहीन. हात निघत नाहीये."

६

मी कॅमेरा उघडला नाही. तो उघडला गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आली आणि तिच्यात लक्ष्मणराव दिसले. सणाचा रेशमी कुर्ता, कपाळाला गंध. त्यांच्या मागे नेहमी काचेचं कपाट असतं, त्यात क्रिकेटचे कप. प्रत्येक मीटिंगला ते कपाट बघून बघून मला पाठ झालंय. ते कपाट नव्हतं. मागे अंधार होता, त्या अंधारात पिवळा रंग दिलेला एक जाडजूड खांब होता आणि त्यावर तेलाचे ओघळ होते. साहेबांचे दोन्ही हात समोर ताणलेले होते, कोपरापर्यंत चौकटीच्या खाली गेलेले. कीबोर्डवर हात असले की कोपरं दिसतात. ती दिसत नव्हती. हात आणखी पुढे, आत गेलेले होते. त्यांच्या दंडाला झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

कोणीतरी गंमत करतंय, असं माझं डोकं म्हणालं. कोणीतरी कंपनीचं नेटवर्क फोडलंय. रेकॉर्ड केलेला आवाज आहे, खोटं चित्र आहे, हल्ली काय वाट्टेल ते बनवता येतं. मी हे सगळं मनात म्हणत असताना फोनमधून, कंप्रेसरच्या आवाजाच्या वर, स्वच्छ हाळी आली.

"साहेब, हात हाय का?"

मी ओळखला तो आवाज. कुणीही ओळखला असता.

"आहे!" लक्ष्मणराव किंचाळले. "हात आहे! थांब! थांब रे बाबा! शाहीन, तोड ते कनेक्शन! बघत काय बसलीस?"

कनेक्शन तोडायचं बटण माझ्यासमोर होतं. एक क्लिक. मी माऊसवर हात ठेवला. पण मी तोडलं नाही. मला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या खाली बसमधला तो राग तसाच बसून होता आणि तो भीतीपेक्षा मोठा होता.

"सर, आधी सांगा. कुणी चालू केला?"

"मी! मी केला! माल अडला होता, वरून फोनवर फोन येत होते. घरून बघितलं तर मशीन रेडी दाखवत होतं. मला काय माहीत आत कोण आहे?"

"त्यांनी आवाज दिला होता का?"

ते रडायला लागले. "सोपान फोनवर होता. मी फोनमध्ये ऐकलं. 'हात हाय' ऐकलं मी. सोपान म्हणाला, साहेब थांबा. मला वाटलं, नेहमीचंच यांचं. दोन मिनिटं म्हणून अर्धा तास घालवतात. दाबलं मी. झालं? आता तोड ना गं. माझ्या मुलीचं लग्न आहे. तोड!"

त्यांच्या स्क्रीनवर बाण आपोआप सरकला. सेफ्टीच्या लाल चौकोनावरून 'स्टार्ट'वर गेला आणि तिथे थांबला. पुढे काही होईना. तो बाण नुसता थांबून राहिला, आणि मला कळेना की तो कशाची वाट बघतोय.

मग माझ्या कानात आवाज आला. लक्ष्मणरावांच्या फोनमधून नाही. मी मघाशी हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता, तरी कानातच आला. शांत, नेहमीचा, निळ्या वायरसमोर उभं राहून बोलल्यासारखा.

"करू का, ताई?"

नको म्हटलं असतं तर त्यांनी केलं नसतं. मला तेव्हाही याची खात्री होती आणि आजही आहे. आयुष्यात त्यांनी माझ्या शब्दाबाहेर एक वायर उपसली नाही. साहेब ओरडत होते, हात आहे, हात आहे. मला आठवलं, ही हाळी त्यांनी फोनवर ऐकली होती. ऐकून दाबलं होतं.

"करा, भाऊ," मी म्हटलं.

एकच आवाज झाला. तो फोनमधून आला की जमिनीतून, मला सांगता येणार नाही. टेबलावरची बोरं उडाली. खाली गॅरेजमध्ये भिंतीवरचे सगळे पाने खळखळ करत पडले.

"शाहीन," अब्बा खालून ओरडले, "क्या गिरा ऊपर?"

"कुछ नहीं, अब्बा," मी म्हटलं. लक्ष्मणरावांचा फोन कट झाला होता. कोपऱ्यातला ठिपका हिरवा होता.

७

दसऱ्याच्या सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर आलं की लक्ष्मणराव सर बाथरूममध्ये पडले, चिंचवडला ॲडमिट आहेत. मोठी माणसं नेहमी बाथरूममध्येच पडतात. खाली 'गेट वेल सून' आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी ती रांग बघत बसले आणि मला हसू आलं. नंतर हसू आल्याची लाज वाटली, पण फार वेळ नाही.

एचआरची एक मैत्रीण आहे, तिच्याकडून बाकीचं कळलं. ते घरातच होते, दार आतून बंद, समोर टेबल, टेबलावर लॅपटॉप, त्यावर ओरखडासुद्धा नाही. त्यांच्या दोन्ही हातांवर कुठे खरचटलेलं नाही. कातडी अगदी गुळगुळीत. आत मात्र कोपरापर्यंत हाडांचं पीठ झालंय. डॉक्टरांना काही समजत नाही. आणि ते बोलत नाहीत, नुसते ओठ हलवतात.

आबाजींना मी फोन केला. ते म्हणाले, प्रेस शॉपचं सील शाबूत आहे, मेन स्विच खालीच आहे, पण काचेतून बघितलं तर साच्यातला तो हार पापडासारखा झालाय. "कुनाला सांगू नगंस पोरी," असंही म्हणाले. मी कुणाला सांगणार होते?

खरं म्हणजे मला वाटलं होतं, आता संपलं. पण काय संपलं? साहेबांचं तोंडच बंद झालं होतं. त्यांनी माझ्यापुढे कबूल केलं, त्याला साक्षीदार मी एकटी, आणि माझं कोण ऐकणार? तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांच्यासमोर उभं राहून सांगणारा अजून एकच माणूस शिल्लक होता, आणि तो आधीच एकदा खोटं बोलला होता. मी पुनमला फोन करायला घेतला, दोनदा घेतला, ठेवून दिला. तिला द्यायला माझ्याकडे अजून काही नव्हतं.

दुपारी लोक सोनं वाटायला बाहेर पडले, तेव्हा माझा फोन वाजला. नंबर नवा होता. मागे लोकल जात होती, बोलणं नीट ऐकू येईना. गाडी गेल्यावर आवाज आला.

"मॅडम, मी सोपानराव बोलतोय, दापोडीवरनं. साहेबांचा चार्ज मला दिलाय आजपासनं. लॅपटॉप दिलाय. पन ते व्हीपीएन काय लागत न्हाई बघा."

माझ्या स्क्रीनवरचा ठिपका पिवळा झाला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"दसऱ्याच्या दिवशी काय काम काढलंत, सोपानराव?"

"बारीकच काम हाय. येक क्लिक करायचं हाय निस्तं. वरनं सांगितलंय."

"सेफ्टीचा चौकोन हिरवा करायचा आहे ना? मोठ्या प्रेसचा?"

पलीकडे घरात कोणीतरी पोरांना हाका मारत होतं, आरतीची तयारी चालली होती.

"तुमाला कसं म्हाईत?"

"सोपानराव, माझं नीट ऐका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "तो चौकोन तसाच राहू द्या. उद्या अधिकारी येतील, त्यांना जे झालं ते सांगा. म्हणजे आज हे कनेक्शन लावायची गरजच नाही. लॅपटॉप मिटा, आरतीला जा. मी तुम्हाला एवढंच विचारते. त्या दिवशी ज्योतीरामभाऊंनी आवाज दिला होता का?"

मी थांबले. मला खरंच वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, बोला, एक शब्द बोला. दुसरी लोकल आली आणि गेली.

"न्हाई," सोपानराव म्हणाले. "न्हाई दिला आवाज. मी तितंच उभा व्हतो ना, मॅडम. देवाशपथ."

मी काही सांगितलं नव्हतं, तरी ठिपका लाल झाला आणि लगेच हिरवा झाला.

"बरं," मी म्हटलं. "लॅपटॉप जवळ ओढा, सोपानराव. आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवा."